हवेलीतल्या बायका मी का वाचते

"एवढी शिकलेली बाई, आणि वाचता काय, तर ओसाड हवेली, घुमा मालक आणि घाबरून पळणारी पोरगी!" भिशीत हेच, गंगावेशीत दूध प्यायला गेलं तरी हेच. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगते.

भुतांसाठी मी वाचत नाही. या जातीच्या बऱ्याच कादंबऱ्यांत भूत नसतंच. इंग्रज कादंबरीकार ॲन रॅडक्लिफनं १७९४ सालीच 'उडोल्फो'च्या किल्ल्यातली भुतं शेवटी माणसांच्या खात्यात टाकली होती. भीती असते ती घराची. सगळ्यांना ठाऊक असलेलं, फक्त नव्या सुनेला न सांगितलेलं काहीतरी तिथं असतं.

आमचे हे बिजवर. शुक्रवार पेठेतला दुमजली वाडा. पहिल्याच पितृपक्षात अविधवा नवमी आली, आणि गेलेल्या सवाष्णीचा स्वयंपाक माझ्याकडे. पुरण वाटताना सासूबाई म्हणाल्या, "ती जायफळ बेतानं घालायची." आत्यासासूबाई म्हणाल्या, "कटाची फोडणी तिचीच." कुणी टोचून बोलत नव्हतं, हे मुद्दाम सांगते. मग सासूबाईंनी कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं. एक साडी सवाष्णीला द्यायला काढली, दुसरी माझ्या हातात ठेवली. "आज ही नेस." नेसले. वाढायला आले तेव्हा पंगतीतल्या सगळ्यांनी एकदा वर बघितलं आणि माना पानात घातल्या. ह्यांनी बघितलंच नाही.

पुढं करवीर नगर वाचन मंदिरातून 'रेबेका' आणली. दाफ्ने द्यु मोरिएची, १९३८ची. गोष्ट सांगणाऱ्या बायकोचं नाव लेखिका शेवटपर्यंत सांगत नाही. (माझं तांदळात नवीन लिहिलं होतं, तेवढाच फरक.) घरची कारभारीण तिला गोडीगुलाबीनं पहिलीसारखाच पोशाख घालायला लावते. तिथं मी पुस्तक मिटलं. सासूबाईंच्या मनात तसलं काही नव्हतं, म्हणून तर कुणावर रागावताही येईना.

भाच्या म्हणतात, असली पुस्तकं बायकांना सोसायला शिकवतात. बरोबर आहे, शिकवतात. 'रेबेका'तल्या नवऱ्यानं पहिलीला मारलं हे कळल्यावर ही बाई सुखावते, का तर त्याचं तिच्यावर प्रेम नव्हतं! हिचकॉकच्या १९४०च्या सिनेमात तिकडच्या सेन्सॉरच्या नियमांपायी त्या खुनाचा अपघात केला, म्हणून ती वाचली. कादंबरीत तिला सुटका नाही. आज ते पान वाचताना तिला झापावंसं वाटतं. तरुणपणी त्याच पानाशी मी चक्क खूश झाले होते. त्या पोरीला आता बोलायला गेले तर ती उलट विचारते, "तुला नाही वाटत तसं?" वाटतं. अजून.

ह्यांना तो प्रश्न मी कधी विचारला नाही, विचारणारही नाही. कादंबरीतल्या नवऱ्याला मात्र शेवटी बोलावंच लागतं.