पिवळीवर पिवळी

मालवणात आम्हा स्कूबा गाइडांचा दिवस म्हणजे पर्यटकांच्या बॅचा. खाली न्यायचं, पावाचे तुकडे सोडून मासे जमवायचे, व्हिडिओ काढायचा, वर आणायचं. १९८७ पासून हे सागरी अभयारण्य आहे आणि आपण इथल्या माशांना पावाची चटक लावतोय, हे मी बोटीवर एकदाच बोललो. पुन्हा नाही.

शेवटची बॅच वर गेली की टाकीत उरलेली हवा माझी. फेब्रुवारीतल्या त्या दुपारी ९० बार दाबाची होती. पाणी गढूळ, व्हिजिबिलिटी जेमतेम ४ मीटर. गढूळ पाण्यात मॅक्रोच, म्हणजे बारक्या जिवाचा अगदी जवळून फोटो, परवडतो, कारण लेन्स आणि जीव यांच्यामध्ये पाणी जितकं कमी तितका कचरा कमी. स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचे फ्लॅश, दोन्ही बाजूंना लांब पसरून थोडे बाहेर वळवायचे. सरळ समोर रोखले तर पाण्यातला कणन् कण चमकतो आणि फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं. हे मी तीन सीझन चुकून शिकलो, कुणी सांगितलं नाही.

८ मीटरवर एका खडकाच्या पोटाला पिवळा स्पंज होता. आधी नुसता स्पंजच दिसला. मग त्याचा एक तुकडा हलला. चवळीच्या दाण्याएवढी डोरिड, म्हणजे एक समुद्री गोगलगाय! डोक्यावर दोन बारीक शिंगं, पाठीच्या टोकाला कल्ल्यांचं फूल. टॉर्चचा झोत पडताच ते फूल आत ओढलं गेलं. शेजारी अंड्यांची फीत, जिलबीसारखी गुंडाळलेली, तीही पिवळीच. खाल्लेल्या जागी स्पंजाला खळगा पडला होता.

मी झोल्याचा अंदाज घेत फ्रेम लावत होतो. पाणी पुढं नेतं, मागं आणतं आणि त्यामधला एक क्षण तुमचा. तेवढ्यात दादा आला. आमच्यातला सगळ्यात जुना गाइड, नजर घारीची. पिवळ्यावर पिवळं उठणार नाही हे त्याला लगेच कळलं. त्यानं स्टीलच्या काडीनं तिला अलगद उचललं आणि हातभर लांब काळ्या खडकावर ठेवलं. मला अंगठा-तर्जनीचा गोल करून दाखवला. मी हात धरला नाही. उलट तीसेक फोटो काढले.

फोटो अप्रतिम आला. काळ्यावर सोनं.

रात्री तो मी समुद्री गोगलगायींवर काम करणाऱ्या एका ताईंना पाठवला. त्यांचा पहिलाच प्रश्न, "कशावर होती?"

पिवळ्या डोरिड बऱ्याच कुळांत सापडतात, नुसत्या रंगावरून नाव देता येत नाही. पण बऱ्याचशा जाती ठरावीक स्पंजच खातात, म्हणून ताटात काय आहे त्यावरून जेवणारी ओळखायला मदत होते. आणि ताटच मी फोटोतून काढून टाकलं होतं. मी लिहिलं, "खडकावर." तासाभरानं खरं काय ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "स्पंजाचा फोटो मिळेल?"

दुसऱ्या दिवशी गेलो. अंड्यांची जिलबी होती, खळगाही होता. ती नव्हती. काळ्या खडकावरही नव्हती. या जीवांना उजेड-अंधाराच्या पलीकडे फारसं दिसत नाही. स्पंजाचा माग काढतात ते त्या दोन शिंगांनी, पाण्यातल्या वासावर. हातभर अंतर, वर पाण्याचा झोला. पोचली असेल का? दादाला विचारलं तर म्हणाला, "तेका काय होवचा नाय रे. फोटो बरो इलो मा?"

नाव अजून लागलेलं नाही. स्पंजाचा फोटो पाठवला, पण आता त्यावर गोगलगाय नाही.

तो काळ्यावरचा फोटो दादानं मोठा करून काउंटरमागं लावलाय. परवा पुण्याच्या एका काकांनी विचारलं, "हे इथंच दिसतं का?" दादा लगेच म्हणाला, "होय तर, काळ्या खडकावर बसतात."

मी फिन्स धूत होतो.