टेबलात ०७ होतं

शनिवारी दुपारी लग्नाचे फोटो काढणारे एक गिऱ्हाईक आले. रुमालात गुंडाळलेली १ टीबीची हार्डडिस्क काउंटरवर ठेवत म्हणाले, "दादा, फॉरमॅट मागतेय. मी केलं नाही हां." एवढं ऐकूनच माझा जीव भांड्यात पडला.

डिस्क सुरुवातीलाच अडखळत होती. अशा डिस्कवर थेट दुरुस्ती चालवायची नसते. डीडीरेस्क्यू हे खराब डिस्क वाचणारं सॉफ्टवेअर लावून इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल, काढायला ठेवली आणि शटर ओढलं. रविवारी सकाळी बघतो तर मोजके सेक्टर, म्हणजे डिस्कचे छोटे तुकडे, सोडून सगळं उतरलेलं. त्या मोजक्यांत नेमका पार्टिशनचा (डिस्कच्या वापरायच्या भागाचा) पहिला सेक्टर, २०४८ वा. त्यालाच बूट सेक्टर म्हणतात, त्या भागाची मांडणी त्यात लिहिलेली असते. तिथे नुसती शून्यं.

पार्टिशन टेबलात, म्हणजे डिस्कवरच्या भागांच्या यादीत, प्रकार ०७. मी डोळे झाकून एनटीएफएस, म्हणजे विंडोजची फाइली ठेवायची पद्धत, धरलं. त्याच्या बूट सेक्टरची प्रत पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरात असते. तिथे काही नाही. फाइलच्या प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला 'फाइल' ही चार रोमन अक्षरं असतात, ती शोधली. दोन चहा झाले, एक नोंद सापडेना.

तेवढ्यात त्यांचा फोन. "सोमवारी एडिटरला द्यायचीय हो. तो मॅकवर बसतो ना."

मॅक! तो एनटीएफएस वाचतो, पण त्यावर लिहीत नाही. म्हणून विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालायला लोक डिस्क एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत करून घेतात, आणि त्याचाही प्रकार ०७च. हे मला माहीत नव्हतं असं नाही, हीच तर चीड.

एक्सफॅटमध्ये बूटचे १२ सेक्टर आणि लगेच पुढे त्यांची प्रत. म्हणून २०६० वा सेक्टर हेक्समध्ये, म्हणजे कच्च्या बाइट्सच्या रूपात, उघडला: ईबी ७६ ९० ही एक्सफॅटची ठरलेली सुरुवात, आणि उजव्या रकान्यात ढळढळीत 'एक्सफॅट'.

इमेजची आणखी एक प्रत काढून तिच्यात ते १२ सेक्टर मागे आणून ठेवले. कॉपी करणाऱ्या डीडी कमांडला 'नोट्रंक' (फाइल कापू नको) सांगायचं राहिलं तर इमेज तिथेच कापली जाते. एकदा भोगलंय, त्यामुळे कमांड दोनदा वाचून मगच एंटर मारला. मग ती फक्त वाचण्यापुरती माउंट केली, म्हणजे डिस्कसारखी उघडली. पहिलाच फोल्डर 'हळद'.

संध्याकाळी ते आले. तीन फोटो खालून अर्धे राखाडी झाले होते, ते आधी दाखवले. दोन बघून ते गप्प झाले. तिसरा बघून म्हणाले, "हा मंडपवाला आहे. जाऊ द्या."