चांगदेवच्या पाण्यावर पाच शिडं

पाचवी होडी शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास चांगदेवच्या काठावर ट्रेलरवरून उतरली, तेव्हा मला खरंच भरून आलं. चार वर्षं हतनूर धरणाच्या या फुगवट्यावर मी एकटाच शीड लावून फिरत होतो. खान्देशात आणखी कुणाकडे शिडाची होडी असेल हे मनातही आलं नव्हतं. मग गेल्या दिवाळीपासून एकेकाचा पत्ता लागत गेला. जळगावचे दातांचे डॉक्टर, चोपड्याचा एक गॅरेजवाला, नाशिकला राहणारी पण यावल माहेर असलेली एक ताई, आणि भुसावळचेच, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्डकाका. काकांचं घर माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून. त्यांची होडी आठ वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये पालथी पडली होती आणि मी रोज त्या शेडवरून जात होतो.

महाशिवरात्रीच्या आधीचा शनिवार-रविवार ठरवला. यात्रा सुरू झाली की मुक्ताईनगर आणि चांगदेवला पाय ठेवायला जागा नसते.

भुसावळहून वरणगावमार्गे यायचं, म्हणजे जुना ६ नंबरचा हायवे, आता ५३. ट्रेलर असला की वेग कमी ठेवावा लागतो. बाकी रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पाण्याबद्दल मात्र आहे. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावलेली तापी आणि गाविलगडच्या डोंगरातून विदर्भ ओलांडून आलेली पूर्णा या दोघी चांगदेवला एकमेकींना भेटतात. खाली हतनूरचं धरण आहे, १९८२ साली पूर्ण झालेलं, ४१ दरवाज्यांचं. त्याचं पाणी मागे फुगत संगमापर्यंत येतं आणि एरवी नदी असलेली जागा तळ्यासारखी पसरते. पावसाळ्यात 'हतनूरचे ४१ दरवाजे उघडले' ही बातमी आम्ही लहानपणापासून वाचत आलोय. त्या दिवसांत होडीचं नावही काढायचं नाही. पाऊस सरला, दरवाजे बंद झाले आणि पाणी निवळलं की आमचा हंगाम सुरू होतो. तो मार्चअखेर संपतो, कारण त्यानंतर भुसावळचं ऊन माणसाला काठावरही उभं राहू देत नाही.

पाच होड्या पाच तऱ्हेच्या होत्या. माझी आणि डॉक्टरांची लेझर, एकट्याने चालवायची, साधारण चौदा फुटांची, एकच शीड. कॅनडाच्या ब्रूस कर्बी यांनी १९७० च्या सुमारास ती आखली आणि १९९६ पासून ती ऑलिंपिकमध्ये आहे. हल्ली शर्यतींत तिला 'इल्का' म्हणतात. गार्डकाकांची एंटरप्राइझ, दोघांची, निळ्या शिडांची. इंग्लंडच्या जॅक होल्ट यांची १९५६ ची ही रचना भारतात अनेकांनी शिकायला वापरली आहे. काकांनी ती पुण्याहून सेकंडहँड आणली होती. ताईंच्या दहा वर्षांच्या लेकीची ऑप्टिमिस्ट, पुढून चपटी, आठ फुटांपेक्षा जराशी कमी. १९४७ साली अमेरिकेत क्लार्क मिल्स यांनी मुलांसाठी आखलेली ही होडी आता जगभरातली मुलं चालवतात.

पाचवी होडी चोपड्याच्या भावाने स्वतः बनवलेली. तिच्याभोवती आम्ही सगळे तासभर घुटमळत होतो. मरीन प्लायचे तुकडे तारेने एकमेकांना शिवले, सांध्यांवर फायबरची पट्टी आणि इपॉक्सी चढवलं, मग तारा कापून टाकल्या. डोलकाठी कशाची, तर तुषार सिंचनाच्या ॲल्युमिनियम पाइपची. दोन पाइप एकात एक बसवलेले, जोडावर आतून लाकडी दांडका. शीड ताडपत्रीचं. पण ताडपत्री नुसती ताणलेली नव्हती. कडा किंचित गोलाईत कापून शिवल्या होत्या, म्हणजे वारा भरला की पोट येतं. शिडाला पोट नसेल तर ते नुसता पडदा होतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तीन शिडं वाया घालवून त्याने ते शोधलं होतं. "गाडीचा कार्बोरेटर तरी काय, हवेचाच हिशेब आहे ना दादा," असं तो म्हणाला. माझ्या मते त्या दोन दिवसांतली सगळ्यात मोलाची होडी तीच होती.

समुद्र नसलेल्या मुलखात शिडाचं काय काम, असं मला बरेच जण विचारतात. हैदराबादला हुसेन सागरावर दरवर्षी लेझरच्या शर्यती होतात. भोपाळच्या बड्या तलावावर राष्ट्रीय सेलिंग स्कूल आहे. तिथे शिकलेली देवास जिल्ह्यातली नेहा ठाकूर ही शेतकऱ्याची मुलगी २०२३ साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आली. भोपाळची गाडी भुसावळहूनच जाते. आपल्या तापीकाठच्या पोरांनी का शिकू नये, हा प्रश्न मला सोडत नाही.

पाण्यात उतरण्याआधी दोन कामं होती. पाटबंधारे खात्याच्या परवानगीचं पत्र सोबत होतंच. दुसरं काम अप्पांना भेटायचं. अप्पा भोई समाजातले, सत्तरीचे, इथे जाळं टाकत आलेले. त्यांची लाकडी होडी दोन्ही दिवस आमच्यासोबत राहणार होती आणि त्या दिवसांची त्यांची मजुरी आम्ही आधीच ठरवली होती. जाळ्यांच्या थर्माकोलच्या गाठी कुठून कुठे गेल्यात ते त्यांनी काठीने वाळूत काढून दाखवलं. पलीकडच्या उथळ काठावर चक्रवाकांचा थवा उतरलेला होता, तिकडे जायचं नाही हे आम्हीच ठरवलं. हिवाळ्यात पाहुणे म्हणून आलेले पक्षी आपल्या हौसेपायी उठवायचे नाहीत.

मग वाऱ्याची वाट पाहणं. दहा वाजेपर्यंत पान हलत नव्हतं. डॉक्टर अस्वस्थ होऊन सारखं मोबाइलवर वाऱ्याचा अंदाज बघत होते. अप्पा पाण्याकडे बघतच नव्हते. ते काठावरच्या केळीच्या बागेकडे बघत होते.

"वरची पानं हालली का थांबा. खालची हालली का उतरा," ते म्हणाले.

केळीचं वरचं पान कोवळं आणि मोठं, ते झुळकेलाही डोलतं. खालची फाटकी पानं हलायला खरा वारा लागतो. चार वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली. केळी वाऱ्याने फाटू नये म्हणून शेतकरी बांधावर शेवरी आणि गजराज गवताची दाट भिंत उभी करतात. त्या भिंतीच्या आडोशाला काठापासून बऱ्याच अंतरापर्यंत पाण्यावर वारा लागत नाही. भिंत संपते तिथे मात्र तो एकदम येतो. मी नेमका त्याच जागी अनेकदा गोंधळलो होतो आणि दोष शिडाला देत आलो होतो.

साडेदहाला खालची पानं हलली. सातपुड्याच्या बाजूने वारा आला, पाण्यावर काळसर चट्टे पळायला लागले आणि पाचही शिडं एकामागून एक भरली. काठावर गावातली पोरं जमली होती. वारा समोरून येतोय आणि होड्या त्याच दिशेला सरकतायत हे पाहून एकाने विचारलं, "वल्ह्याबिगर उलटं कसं चालते भो?" मी काठाजवळ येऊन त्याला सांगितलं ते असं. वाऱ्याच्या थेट तोंडावर कुठलीच शिडाची होडी जात नाही. ती साधारण ४५ अंशांत तिरकी जाते, मग वळून दुसऱ्या बाजूने तिरकी, कन्नड घाटात गाडी वळणं घेत चढते तशी. शिडाला वारा आडवा ढकलतो, पण होडीखाली पाण्यात उभी फळी असते, ती आडवं सरकू देत नाही. ओला चिंचोका चिमटीत दाबला की तो पुढे सटकतो ना, तसंच. चिंचोक्याचं त्याला लगेच पटलं.

दुपारी माझी होडी उलटली. शेवरीची भिंत संपते तिथेच, माहीत असूनही. झोत आला, शिडाची दोरी सोडायला क्षणभर उशीर झाला आणि मी पाण्यात. उलटणं हा या खेळाचा भाग आहे. फळीवर उभं राहून अंगाचं वजन टाकलं की लेझर परत उभी होते. पण तोवर होडी पूर्ण पालथी झाली होती. वीस फुटांची डोलकाठी सरळ खाली गेली आणि तिचं टोक तळाच्या गाळात रुतलं. हतनूर गाळाने भरत चाललंय हे पेपरात वाचलं होतं, ते मला त्या दिवशी हातांना कळलं. फळीवर कितीही वजन टाकलं तरी होडी हलेना. जोर केला असता तर डोलकाठी वाकली असती.

अप्पा वल्हवत आले. त्यांनी घाई केली नाही. नाळेला दोरी बांधली, आणि वर न उचलता वाऱ्याच्या दिशेने हळूहळू ओढत नेलं, रुतलेलं जाळं काढतात तसं. पाच-सात मिनिटांनी काठी सुटली. तिच्या टोकाला हातभर काळा चिखल होता. वास ओल्या शेतासारखा. मुलताईपासूनची, मेळघाटाकडची, कुणाकुणाच्या वावरातली माती असणार ती. लाइफ जॅकेट अंगात होतं म्हणून त्या दहा मिनिटांत माझं डोकं शांत राहिलं. पोहता येतं म्हणून जॅकेट न घालणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

संध्याकाळी ओळखीच्या शेतात भरीत. तुराट्यांच्या जाळावर हिरवी पांढुरकी भरताची वांगी भाजली, लाकडी भांड्यात मुसळाने ठेचली, वर मिरच्या, कांद्याची पात, शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी. नाशिककर जावईबापू तिसऱ्या भाकरीला बोलायचे थांबले. रात्री मंदिरात जाऊन आलो. काळ्या दगडाचं जुनं हेमाडपंती देऊळ. कोरं पत्र पाठवणारे चांगदेव आणि 'चौदाशे वर्षं जगून अजून कोराच' म्हणणारी चिमुकली मुक्ताई ही गोष्ट ताईंच्या लेकीने पहिल्यांदा तिथल्या पायरीवर बसून ऐकली. मुक्ताईचं वय विचारून घेतलं आणि मग बराच वेळ गप्प राहिली.

रविवारी वारा लवकर उठला. गार्डकाका म्हणाले, मला एका ठिकाणी जायचंय, कुणी सोबत येता का. त्यांच्या होडीला दुसरा माणूस लागतोच. मी पुढच्या शिडाची दोरी धरली, आणि ताईंची लेक आपली ऑप्टिमिस्ट घेऊन मागे आली.

काका फारसं बोलत नव्हते. अधूनमधून मान वळवून देवळाकडे बघत, मग पलीकडच्या काठावरच्या एका चिंचेकडे. दर वळणाला तसंच. मला आधी वाटलं, ते वारा बघतायत. मग देऊळ आणि दुसऱ्या काठावरचं एक टेकाड एका रेषेत आलं, चिंच बरोबर उजव्या हाताला आली आणि त्यांनी दोन्ही शिडं मोकळी सोडली. होडी जागेवर फडफडत थांबली.

"इथंच. आमची इहीर," ते म्हणाले.

सात एकर बागायत होती. धरण झालं तेव्हा काका नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते. वडिलांनी शेवटच्या उन्हाळ्यात विहिरीवरचं इंजिन काढून बैलगाडीत घातलं ते काकांना आठवत होतं. मोबदला किती, कधी मिळाला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. होडी कशासाठी घेतली हे मात्र मला तेव्हा समजलं. आठ वर्षांपूर्वी ते एकदाच इथवर आले होते. नंतर पाठ दुखायला लागली, सोबतीला कुणी नव्हतं, आणि होडी शेडमध्ये गेली.

ऑप्टिमिस्ट शेजारी येऊन लागली. "आजोबा, विहीर किती खोल होती?"

"आठ परस."

परस म्हणजे काय ते त्यांनी तिला हात वर करून दाखवलं. मग तिने नांगराची दोरी सोडायला परवानगी मागितली. काका हो म्हणाले. दोरीला दर फुटावर तिच्या बाबांनी लाल चिकटपट्टी लावली होती. ती मोठ्याने मोजत गेली. बाराला दोरी सैल पडली. तिने थोडं पुढे सरकून पुन्हा सोडली, मग डावीकडे. बारा, साडेबारा, बारा.

"भरून गेली असीन," काका म्हणाले. त्यांनी नांगर तिच्या हातून घेतला, त्याला लागलेला चिखल बोटाने निपटला, आणि बोट लगेच धुतलं नाही.

केळीची खालची पानं आता जोरात हलत होती. काकांनी दोरी ओढली, निळी शिडं भरली, आणि आम्ही देवळाच्या रोखाने वळलो. मागून ती पोर ओरडून विचारत होती, परत येताना ही जागा कशी शोधायची. काकांनी आधी देवळाकडे हात केला, मग चिंचेकडे.