गरम झाली की बंद, थंड झाली की चालू

रविवार, १३ जुलै. रात्रीचे साडेदहा.

रेनकोट गॅलरीत टाकलाय, अजून ठिबकतोय. केस वाळलेले नाहीत. तरी झोपायच्या आधी लिहून टाकते. सकाळी बँकेच्या गडबडीत आजच्यातलं निम्मं निसटून जाईल.

जुलैचा दुसरा रविवार म्हणजे जावा-येझदी या जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलवाल्यांचा सण. बेंदराला बैल धुवून रंगवतात तशी आम्ही आदल्या रात्री गाडी धुतो, टाकीचं क्रोम पुसतो, प्लग काढून बघतो. बाबा तर त्या रात्री जेवायलाही उशिरा यायचे. ते गेल्यापासून त्यांची मरून येझदी मी चालवते. सहा वर्षं होत आली.

सकाळी साडेसहाला कोल्हापुरात शिवाजी पुलाच्या अलीकडे जमायचं ठरलं होतं. नऊ गाड्या आल्या. पाऊस आहे, मागून येतील कुणी, असं म्हणून मी दोनदा मोजल्या. नऊच. मी शाळेत असताना याच जागी तीस-पस्तीस गाड्या उभ्या राहायच्या. निळसर धुरात पूल दिसायचा नाही आणि त्या जळक्या ऑइलच्या वासानं मला पन्हाळा जवळ आल्यासारखं वाटायचं. गाड्या कुठे गेल्या ते ठाऊक आहे. माणूस गेला की पोरांना गाडी नावावर करून घ्यायची दगदग नको असते. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, त्यासाठीच्या खेपा, मग एक दिवस भंगारवाला दारात. पण गाड्या कमी झाल्या याचं मला तितकं वाईट वाटत नाही, जितकं आज त्या पोराचं तोंड बघून वाटलं.

नववी गाडी त्याची. कॉलेजचा पोरगा, पायात चपला, अंगावर प्लास्टिकचा कागद. आजोबांची जावा, अनेक वर्षं गोठ्यात उभी होती. पंधरा दिवसांपूर्वी कुठल्यातरी गॅरेजवाल्यानं चालू करून दिली. गंगावेशपर्यंत नीट आली आणि तिथं बंद पडली, तिथून ढकलत आणली होती. घामानं आणि पावसानं निथळत होता. त्यानं आमच्यातल्या एका ज्येष्ठांना विचारलं, "काका, पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकायचं असतं?"

काका म्हणाले, "एवढं पण माहीत नाही? आधी शिकून ये, मग गाडीला हात लाव."

चौघे हसले. पोरगा काही बोलला नाही. स्टँड काढला आणि गाडी वळवायला लागला.

मी धावले. हे लिहिताना आत्ताही छातीत धडधडतंय, कारण दोन मिनिटं उशीर झाला असता तर तो गेला असता आणि परत कधीच आला नसता. लिटरला चाळीस मिली, मी त्याला सांगितलं. आणि विचारलं, नेमकं होतं काय? म्हणाला, "थंड असली की एका किकमध्ये चालू होते ताई. दहा-पंधरा मिनिटांनी गरम झाली की बंद. मग किती किका मारा, ढिम्म. अर्ध्या तासानं परत चालू."

मला हसूच आलं, आनंदाचं. आमच्या मिस्त्रींच्या, आप्पांच्या, वहीत हे वाक्य जवळजवळ शब्दाला शब्द आहे: 'गरम झाली की बंद, थंड झाली की चालू: कंडेन्सर. इकडंतिकडं बघू नये.'

उजव्या बाजूचं कव्हर काढलं. पुलाजवळच्या एका टपरीवाल्यानं आमच्यावर छत्री धरली. पोराला म्हटलं, किक मार आणि पॉइंटकडे बघ. पॉइंटवर, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या जोडावर, पांढरी झगझगीत ठिणगी पडत होती. कंडेन्सर म्हणजे पॉइंटला जोडलेला विजेचा छोटा भाग, तो चांगला असेल तर तिथं ठिणगी अगदी बारीक असते, जोर सगळा प्लगवर जातो. माझ्या डिकीत एक जादा कंडेन्सर कायम असतो, बाबांची सवय. डिसमिस त्याच्या हातात दिला. स्क्रू त्यानंच काढला, त्यानंच बसवला. बोटं थरथरत होती, एकदा स्क्रू चिखलात पडला, तोही त्यानंच शोधला. वीस मिनिटं गेली. मग जावात ज्या दांडीनं गिअर टाकतो तीच आत दाबून वर उभी केली की किक होते, ती त्यानं उभी केली आणि मारली.

दोन्ही सायलेन्सर एकदम बोलायला लागले.

पुढचा पन्हाळ्यापर्यंतचा वीस-एक किलोमीटरचा रस्ता मी त्याच्या मागेच राहिले. केर्ली गेली, वाघबीळ गेलं, चढ लागला, गाडी तापली, पण थांबली नाही. वर गेल्यावर धुक्यात तीन दरवाज्याजवळ त्यानं गाडी बंद केली, पाच मिनिटांनी परत चालू करून बघितली, परत बंद केली, परत चालू केली. चार-पाच वेळा. मी त्याला थांबवलं नाही.

झुणका-भाकरीच्या टपरीवर मी काकांच्या शेजारी जाऊन बसले. बाबांचे मित्र आहेत, मला कडेवर घेतलेलं आहे त्यांनी. म्हटलं, "काका, पोराला असं बोलायला नको होतं." ते म्हणाले, "वीस वर्षं तेच तेच सांगतोय गं मी. मिक्सिंग किती, प्लग कुठला, रिंगा कुठं मिळतात. कंटाळा येतो माणसाला." त्यांचा थकवा खरा आहे, हे मला मान्य आहे. पण विचारणाऱ्यासाठी तो प्रश्न पहिल्यांदाच असतो. आणि ज्या दिवशी मिक्सिंग किती हे विचारायला एकही पोरगा येणार नाही, त्या दिवशी आम्ही नऊ जण पुलावर कशासाठी उभे राहणार? हे मी त्यांना तसंच बोलून दाखवलं, जरा आवाज चढला माझा. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि धुक्याकडे बघत बसले.

उतरताना मात्र काकांची गाडी पूर्ण घाटभर त्या पोराच्या मागे होती. ते एरवी सगळ्यात पुढे असतात.

आता वहीबद्दल. हे कुठेतरी नीट लिहून ठेवायलाच हवं.

आप्पा म्हणजे आमचे मिस्त्री. व्हीनस कॉर्नरच्या अंगाला त्यांचं गॅरेज होतं, वरती पत्रा, खाली ऑइलनं काळी झालेली फरशी. आयडियल जावा कंपनीनं १९६० च्या सुमाराला म्हैसूरला गाड्या बनवायला सुरुवात केली, पुढं त्यांचं नाव येझदी झालं, १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. त्यानंतर या गाड्या जगल्या त्या आप्पांसारख्या माणसांच्या हातावर. पार्ट मिळत नसेल तर उद्यमनगरात लेथवर करून घ्यायचा. शंभर वर्षांपूर्वी बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा ज्या गावात स्वतः घडवला, ज्या गावानं गावोगावच्या विहिरींवर ऑइल इंजिनं पाठवली, त्या गावात एक बुश करून देणारा माणूस सापडणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते माप माहीत असणं. ते आप्पांकडे होतं.

आणि ते त्यांनी लिहून ठेवलेलं होतं. जाडजूड लेजर वही, लाल कापडी पाठ. गिऱ्हाइकांची नावं नाहीत, गाव आणि गाडी. 'कागलची काळी येझदी.' 'गडहिंग्लजचे मास्तर, टाकी गळती.' 'हुपरी, चांदीवाले, बोअर दुसऱ्यांदा.' पुढे दोष, पुढे काय केलं, पुढे काय चुकलं. चुकलेलंही लिहिलेलं आहे, हे मला फार मोठं वाटतं. एका पानावर टायमिंगची, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडावी ते लावायची, युक्ती आहे: सायकलच्या तारेवर कानशीनं दोन खुणा करायच्या, तार प्लगच्या भोकातून पिस्टनवर टेकवायची, पॉइंटमध्ये सिगारेटच्या पाकिटावरचा पातळ कागद धरायचा आणि इंजिन हळूहळू फिरवायचं. कागद सुटला की पॉइंट उघडला. त्या क्षणी पिस्टन वरच्या टोकापासून ३ मिलिमीटरच्या आसपास खाली पाहिजे. प्लगचा गॅप हॅक्सॉच्या पात्यानं मोजायचा, पातं जेमतेम सरकलं पाहिजे. फिलर गेज घ्यायला पैसे नसलेल्या माणसानं शोधलेल्या या वाटा आहेत आणि त्या बरोबर आहेत, मी गेज लावून पडताळून बघितलंय.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा गॅरेजात शिरली. धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वेळी पाणी ५५ च्या पुढे गेलं होतं. पाणी ओसरल्यावर मी आणि बाबा तिथं गेलो. ते बाबांचं शेवटचं वर्ष. फळीवरची वही चिखलाचा गोळा झाली होती. आप्पा म्हणाले, "जाऊ दे, आता काय करायचंय तिचं." बाबांनी ती सदऱ्यात गुंडाळून घरी आणली.

आठ दिवस आमच्या घरात पंखा बंद झाला नाही. दर दोन पानांत वर्तमानपत्राचा तुकडा, दर दोन तासांनी बदलायचा. शिवण सुटली तेव्हा पानं सुटी करून कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी लावली. घरभर गाळाचा आणि जुन्या ऑइलचा वास. बॉलपेननं लिहिलेलं सगळं टिकलं. शाईच्या पेननं लिहिलेली सुरुवातीची पानं धुऊन निघाली, नुसते निळे ढग राहिले. बाबा एकेक पान उजेडाला धरून बघायचे. निबाची रेघ कागदात दबलेली असते, ती तिरक्या उजेडात कधीकधी दिसते. अशा त्यांनी अकरा ओळी वाचून काढल्या.

गॅरेज त्यानंतर उघडलं नाही.

माझी स्वतःची चूक इथं लिहायला हवी. इतकी वर्षं मंडळींनी फोनवरच्या ग्रुपवर एकमेकांना जे सांगितलं, ते मला वाटायचं आहेच की तिथं. कॉस्टिक सोड्यानं सायलेन्सरमधला कार्बन कसा काढायचा, कुठल्या ट्रॅक्टरचा ऑइल सील चालतो, सगळं. मागच्या वर्षी फोन बदलला आणि माझ्याकडचं सगळं गेलं. दुसऱ्यांना विचारलं तर त्यांच्याकडेही तीच गत. पाण्यात बुडालेल्या वहीतल्या ओळी वाचता आल्या, या वाचता येत नाहीत.

म्हणून गुरुवारी, गुरुपौर्णिमेला, पेढे घेऊन आप्पांकडे गेले आणि सोबत वही नेली. ब्याऐंशी वर्षांचे आहेत. हात कापतो, पण म्हणाले, "हात ऱ्हाऊ दे पोरी, कान हाय की अजून. गाडी ऐकायची असती." खिडकीखाली माझी येझदी चालू करून ठेवायला लावली. डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, "मिक्श्चर पातळ झालंय. जेट बदललास?" जेट म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक. मी तो बदललेला नव्हता. पेट्रोल बदललंय. वीस टक्के इथेनॉल, आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या मळीतून निघालेलं असेल कदाचित. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर इंजिनला इंधन कमी पडतं, गाडी जास्त तापते. जुनी रबरी वॉशरं फुगतात, टाकीत पाणी ओढलं जातं, गाडी महिनाभर उभी राहिली तर ते खाली बसतं. हे सगळं मी त्यांना सांगितलं. ते बराच वेळ विचार करत राहिले. मग म्हणाले, "हे वहीत न्हाई बघ. तू लिव्ह."

वहीच्या शेवटी सतरा कोरी पानं शिल्लक आहेत. त्यांच्यासमोरच पहिल्या कोऱ्या पानावर तारीख घालून लिहिलं: 'मरून येझदी, नवीन पेट्रोल, मेन जेट एक नंबर मोठा, प्लगचा रंग बघणे.' बॉलपेननं.

आज घरी आल्यावर दुसरी नोंद केली. 'जावा, गोठ्यातली, कंडेन्सर. शिवाजी पूल.' आप्पांच्या पद्धतीनं, नाव न घालता. आणि आणखी एक ठरवलंय: पुढच्या रविवारी वहीची झेरॉक्स काढलेली तीन बाडं करायची. एक काकांकडे, एक कॉलेजच्या त्या पोराकडे, एक माझ्या बँकेच्या टेबलाच्या खणात, तिसऱ्या मजल्यावर, जिथं पाणी चढत नाही. २०१८ मध्ये परत आलेल्या नव्या जावावाल्यांनाही बोलवायचं. त्यांच्या गाडीला पॉइंट नसेल, कंडेन्सर नसेल, पण रविवारी सकाळी पावसात उठून यायची इच्छा तीच आहे. काहींना हे पटणार नाही. बोलू.

झेरॉक्सच्या आधी पानं टाईप करायला घेतलीत. आत्ता चौतिसावं चाललंय. 'राधानगरी, घाटात क्लच सुटत नाही' इथपर्यंत लागतंय, पुढची ओळ गाळात गेलीय. दिव्याखाली तिरकी धरून बघितली. 'दोन पट्ट्या' वाचता येतं, पुढचा शब्द 'घासून' आहे की 'घालून', कळत नाही. दोन्हींत फार फरक पडतो. जागा मोकळी सोडलीय. आप्पा पहाटे पाचला उठतात, सहाला फोन करते.