दोघी एलन : आयर्लंडहून आलेल्या नन्सचा माग कसा काढावा

कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडीचे रुमाल सोडून बसणाऱ्यांना कागदातला माणूस नावावरून हुडकायची सवय असते. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडहून अमेरिकेला गेलेल्या आणि तिथे नन झालेल्या सख्ख्या बहिणी शोधताना ही सवय आधी बाजूला ठेवावी लागते.

मिनेसोटातल्या सेंट पॉलचं उदाहरण घ्या. पुढे आर्चबिशप झालेल्या जॉन आयर्लंड यांची बहीण एलन आणि तिच्या नात्यातली एलन हॉवर्ड, दोघी १८५८ मध्ये सेंट जोसेफच्या भगिनीसंघात दाखल झाल्या. एक झाली सिस्टर सेराफीन, दुसरी सिस्टर सेलेस्टीन. लग्नात तांदळात नवं नाव लिहितात तसाच हा प्रकार, पण इथे नव्या नावावरून घराचा पत्ता लागत नाही. त्यातून पहिलीचं आडनावच आयर्लंड! नुसतं ‘एलन, आयर्लंड’ शोधलंत तर हजारो भलत्याच बायका समोर येतील.

‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ या दुसऱ्या, आयरिश भगिनीसंघात (मर्सीत) तर बहुतेकींच्या नावाआधी ‘मेरी’ असते. आयर्लंडमधल्या न्यूरी गावची कॅथरीन रसेल मेरी बाप्टिस्ट झाली आणि १८५४ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोला उतरली. सूचीत ती ‘मेरी’खाली सापडेल, ‘बाप्टिस्ट’खाली किंवा ‘रसेल’खालीही. तिन्ही ठिकाणी बघा.

म्हणून शोध उलटा करावा, मृत्यूकडून जन्माकडे. कॉन्व्हेंटच्या दफनभूमीतला दगड किंवा मृत्युनोंद, मग प्रवेशाची वही. मर्सीत साधारण सहा महिने उमेदवारी, मग पांढरी ओढणी, नवं नाव आणि दोन वर्षं नवशिक्षण, त्यानंतर व्रतं आणि काळी ओढणी, असा क्रम होता. त्यामुळे एकाच बाईच्या नावापुढे तीन तारखा दिसल्या तर गोंधळू नका. वहीत आईवडिलांची नावं असतील तर तिथेच थांबून नीट उतरवून घ्या. आईचं माहेरचं आडनाव तर सोन्यासारखं. दोघी बहिणी आहेत हे सिद्ध होतं ते यावरूनच, आडनाव जुळलं म्हणून नव्हे.

आता आयर्लंडकडे. कॅथलिकांच्या जन्माची सरकारी नोंद १८६४ पासून सुरू होते. १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातल्या अभिलेखागारात जळाले आणि १८६१ ते १८९१ चे सरकारनेच नष्ट केले. १८४० च्या दशकातल्या मोठ्या दुष्काळात देश सोडलेल्या मुलींसाठी उरतात ती चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तकं. ती आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने मोफत ऑनलाइन ठेवली आहेत, कोल्हापुरात बसून वाचता येतात. अनेक नोंदी लॅटिनमध्ये आहेत: ब्रिजेट तिथे ‘ब्रिगिडा’ होते. शिवाय घरी तीच डीलिया, आणि ओ’सुलिव्हनचा ‘ओ’ कधी लिहिलेला, कधी गाळलेला. पण बहुतेक नोंदींत आईचं माहेरचं आडनाव असतं, आणि वहीतून उतरवलेलं नाव इथे उपयोगी पडतं. वयावर मात्र भिस्त ठेवू नका. जहाजाच्या यादीत आणि अमेरिकेच्या जनगणनेत चार-पाच वर्षांचा फरक सर्रास दिसतो.

मोठी अडचण वेगळीच. त्या काळी मर्सीचं प्रत्येक मुख्य कॉन्व्हेंट आपल्या बिशपच्या हाताखाली स्वतंत्र होतं. बहीण नव्या शाखेला गेली तरी तिच्या प्रवेशाची नोंद जुन्या घरातच राहायची. नवशिक्षणातच परत गेलेलीचं नाव मृत्युनोंदीत नसतंच. स्वयंपाकघर आणि धुण्याची कामं सांभाळणाऱ्या ‘ले सिस्टर’ हुंडा (प्रवेशावेळी कॉन्व्हेंटला द्यायची रक्कम) न आणता, किंवा थोडाच आणून आलेल्या असत. त्यांच्याबद्दल लिहिलेलं सगळ्यात कमी सापडतं, आणि खरं तर शोधायला हव्यात त्याच.

संघाच्या अभिलेखागाराला ईमेल पाठवताना घरचं नाव, धर्मनाव, गाव, अंदाजे प्रवेशवर्ष आणि बहिणीचीही दोन्ही नावं पहिल्याच पत्रात द्या.