तिसऱ्या आगे-उकेवर

धुळे. रविवार, पौषातली थंडी.

पहाटे साडेपाचला कराटेचा ड्रेस कपाटातून काढला. सात महिने घडी मोडली नव्हती, डांबरगोळ्यांचा वास येत होता. ब्राऊन बेल्टची गाठ दोनदा चुकली. सासूबाई देवघरातून बघत होत्या. एवढंच म्हणाल्या, “जपीसन ऱ्हाय, माय.”

ज्येष्ठात नाशिकला ऑपरेशन झालं. लहानपणी घसा धरून ताप यायचा, मग सांधे सुजायचे. त्या दुखण्याने हृदयाची एक झडप वर्षानुवर्षं आकसत नेली होती, आणि मला ते कळलं 44 व्या वर्षी. कळलं तेही कराटेमुळेच. मुलीला क्लासला सोडता सोडता सहा वर्षांपूर्वी मीही शिकू लागले. गेल्या हिवाळ्यात मात्र काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची एकट्याने करायची मालिका, संपला की दम परत येईना. घरचे म्हणाले, वय झालं. मला ते पटेना. वर्गातले पन्नाशीचे गृहस्थ माझ्यापेक्षा कमी धापा टाकत होते.

छातीचं हाड मधोमध कापलं, धातूची झडप बसवली, हाड पुन्हा तारांनी बांधलं. हाड सांधायला तीन महिने. खोकला आला की छातीशी उशी घट्ट धरायची. घरी परतताना चांदवडच्या घाटात आणि पुढे प्रत्येक गतिरोधकावर ती उशी मी सोडली नाही. श्रावणात घरी कानबाई, आमची खानदेशातली देवी, आली, पण तिच्या नैवेद्याच्या रोटांची कणीक मला कुणी मळू दिली नाही. जावांची लगबग बघत पाटावर बसून राहिले. त्या दिवशी फार रडू आलं.

आज डॉक्टरांच्या परवानगीने गेले. परवानगी फक्त काताची आहे. कुमिते, म्हणजे समोरासमोरची लढत, आता कधीच नाही. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यायची आहे, आणि पातळ रक्ताच्या माणसाला डोक्यावरचा एक ठोसाही महागात पडतो. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, अडीच ते साडेतीनच्या मध्ये ठेवायचा. पालेभाज्यांनी तो हलतो, म्हणून मेथी-पालकसुद्धा रोज साधारण सारख्याच मापाने खायची. हे सगळं मी पाळते. पण कुमिते गेल्याचं दुःख आहे ते आहेच. ब्लॅक बेल्टच्या परीक्षेत कुमिते असतं. सवलत मागून मिळालेला पट्टा मी बांधणार नाही, हे नाशिकच्या खाटेवरच ठरवलं होतं.

वर्ग मोकुसोने सुरू होतो. ओळीत वज्रासनात बसायचं, डोळे मिटायचे. हॉल शांत झाला आणि माझी झडप ऐकू यायला लागली. टक, टक, टक. घरी रात्री ती ऐकायची सवय झाली आहे, इथे मात्र अंग चोरावंसं वाटलं. शेजारी नऊ-दहा वर्षांचा पांढऱ्या पट्ट्याचा मुलगा होता. डोळे किलकिले करून कुजबुजला, “काकू, तुमचं घड्याळ वाजतंय.” मी म्हटलं, “घड्याळ नाही रे, नंतर सांगते.”

सर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. म्हणाले, “मॅडम, आज फक्त हेयान शोदान. सावकाश.” सगळ्यात पहिला काता, 21 हालचाली. ओकिनावा बेटावरच्या पाच ‘पिनान’ कातांना, कराटे जपानमध्ये रुजवणाऱ्या फुनाकोशींनी ‘हेयान’ हे जपानी नाव दिलं. या पाचही कातांची सुरुवात अडवण्याने होते, मारण्याने नाही. इतकी वर्षं मी हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. आज डावा हात गेदान-बराईत, खालचा वार अडवायला, खाली आला तेव्हा ते अंगाला कळलं.

पाय सगळं विसरले नव्हते. अवघड गेलं ते आगे-उके, वरून येणारा वार अडवणं. हात कपाळावर चढला की व्रणापासून खांद्यापर्यंत कातडी ओढली जाते. तीन पावलं, तीन आगे-उके, आणि तिसऱ्यावर कियाई. पोटातून आवाज काढायचा. तिथे मी अडकले. सात महिने छाती हलू नये म्हणून हळू खोकले, हळू शिंकले, हसणंसुद्धा आवरलं. तोंड उघडलं आणि आवाज आलाच नाही. हात आपोआप छातीकडे गेला, उशी शोधत. सगळा वर्ग पुढे सरकला होता, मी एक हालचाल मागे.

सर काही बोलले नाहीत. माझ्या बाजूला येऊन उभे राहिले आणि मोजत राहिले. इची, नी, सान.

दुसरी कियाई सतराव्या हालचालीवर, तिसऱ्या ओई-झुकीला. ठोसा गेला आणि त्याच्यासोबत आवाज गेला. चिरका होता, पूर्वीचा नव्हता, पण पोटातून आला. तारा जागच्या जागी होत्या. दुखलं नाही. डोळे मात्र भरून आले.

वर्ग संपल्यावर त्या मुलाला सांगितलं, की माझ्या हृदयात धातूचं एक छोटं दार बसवलंय, ते उघडतं-मिटतं त्याचा तो आवाज. तो थोडा वेळ गप्प राहिला.

शेवटच्या मोकुसोला ओळ लागली, तेव्हा तो आपली जागा सोडून माझ्या अगदी जवळ सरकून बसला. डोळे मिटले. टक, टक, टक. आम्ही दोघं ऐकत बसलो.