वाइल्ड नोंदी: एसपी येत नाही, मग अडतंय कुठे?

वाइल्ड म्हणजे जागेपणातून भान न सोडता थेट स्वप्नात उतरणं, आणि एसपी म्हणजे स्लीप पॅरालिसिस, जाग असूनही अंग हलवता न येणं. आधी मागच्या फेरीतलं मिटवून टाकू: निपचित पडलेलं असताना खाज सुटली किंवा आवंढा आला तर काय करायचं? खाज आणि आवंढा हे दोन्ही प्रश्न यादीतून काढायला हरकत नाही. खाज आली तर खाजवा, लाळ साठली तर गिळा. 'शरीर झोपलंय का हे मेंदू खाज पाठवून तपासतो' असं जे सगळीकडे सांगितलं जातं, त्याला काही आधार नाही. पाठीवर पडलं की लाळ घशाकडे जमते, गिळणं रोखून धरलं की सगळं लक्ष तिथेच अडकतं आणि झोप उडते ती त्या अडकण्याने. डोक्याखाली आणखी एक पातळ उशी घ्या किंवा मान जरा कलती ठेवा, त्रास पुष्कळ कमी होतो.

आता खरी अडचण. रात्री ११ला अंथरुणाला पाठ टेकायची, तासभर हूं की चूं न करता पडून राहायचं. हातापायांना मुंग्या येतात, अंग जड होतं, डावा हात नेमका कुठे ठेवलाय ते कळेनासं होतं आणि त्यापुढे काहीच नाही. मग वैतागून कूस बदलायची. ज्यांचं असं होतंय त्यांनी चिकाटी वाढवून उपयोग नाही, कारण वेळच चुकलेली आहे. एसपीमधला लुळेपणा हा रेम झोपेचा, म्हणजे मिटलेले डोळे भराभर हलतात आणि ठळक स्वप्नं पडतात त्या टप्प्याचा, भाग आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पॉन्समधून आदेश सुटतो, मज्जारज्जूतल्या हालचालीच्या चेतापेशी ग्लायसीन आणि गाबा या रसायनांमुळे गप्प बसतात आणि स्नायू सुटतात. रात्री नेहमीसारखी झोप लागली तर पहिली रेम साधारण ७० ते ९० मिनिटांनी येते आणि तीही थोडक्यात आटोपते. म्हणजे ११ वाजता जागं राहून जिची वाट बघायची, ती तेव्हा आसपासही नसते.

मुंग्या येतात त्या एकाच जागी दाब पडल्याने. जडपणा येतो तो न हललेल्या अवयवाची खबर मेंदूला कमी मिळते म्हणून. ध्यानाला बसणाऱ्याला किंवा शवासनात पडलेल्यालाही हे होतं. ही एसपीची पहिली पायरी समजून पुढची शोधत बसणं, हाच घोळ बहुतेकांच्या नोंदींमध्ये दिसतो.

वेळ बदलली की चित्र बदलतं. ११ला झोपलात तर गजर ४ ते साडेचारच्या दरम्यान लावा, म्हणजे पाच-साडेपाच तास झोप झालेली असेल. पहाटेकडे रेमचे टप्पे लांबत जातात, म्हणून तिथे जागा सापडते. गजर व्हायब्रेटवर, फोन उशीच्या कडेला. घरातले इतर उठले की प्रयोगही संपतो. उठून बाथरूमला जा, पाणी दोनच घोट प्या, मोठा दिवा लावू नका. किती वेळ जागं राहायचं याचा एकच आकडा सगळ्यांना चालत नाही. २० मिनिटांनी सुरुवात करा. परत आडवं झाल्यावर भान न राहता लगेच झोप लागत असेल तर ३०, मग ४५ करा. उलट अर्धा तास टक्क जागे राहत असाल तर १० वर आणा. दोन्ही चुका बाहेरून सारख्याच दिसतात, 'काही झालं नाही' एवढंच लिहिलं जातं. म्हणून नोंदीत झोप लागली की उडाली, हे स्पष्ट लिहा.

अपेक्षा किती ठेवायची, यासाठी १९९२चा एक जपानी प्रयोग बघण्यासारखा आहे. ताकेउची आणि सहकाऱ्यांनी १६ जणांना प्रयोगशाळेत रेम संपल्यावर ४० मिनिटांच्या नॉन-रेम झोपेनंतर उठवलं, ६० मिनिटं जागं ठेवलं आणि पुन्हा झोपू दिलं. अशा ६४ खेपांपैकी ७१.९ टक्क्यांमध्ये झोप लागता लागताच रेम आली. पण स्लीप पॅरालिसिस मिळाला फक्त सहा वेळा, म्हणजे ९.४ टक्के. वेळ मिनिटावर मोजलेली, डोक्याला इलेक्ट्रोड लावलेले, आणि तरीही हा हिशोब. तेव्हा घरी गजर लावून रोज एसपी गाठण्याचं ध्येय ठेवणं म्हणजे स्वतःला उगाच नापास करत राहणं. भान ठेवून रेममध्ये उतरणं आणि लुळेपणा जाणवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली झाली की वाइल्ड झालं. दुसरी बहुतेक वेळा कळतच नाही, कारण तोवर लक्ष स्वप्नातल्या शरीरावर गेलेलं असतं.

इथे एक फसगत नेहमीची. अर्धा तास झाला, काही झालं नाही, म्हणून माणूस उठतो, चहा टाकतो, आणि मग खरी जाग येते. ते उठणं स्वप्नातलं होतं! खोली हुबेहूब तीच, पंखा तसाच फिरतोय, शंका यायला जागाच नाही. म्हणून प्रयत्न सोडून उठताना प्रत्येक वेळी नाक चिमटीत धरून, तोंड मिटून श्वास ओढून बघा. आत हवा आली तर स्वप्नच आहे. ही सवय नसल्यामुळे कित्येक यशस्वी प्रयत्न वहीत अपयश म्हणून नोंदले जातात.

पडून राहताना लक्ष कशाला बांधायचं, तर शरीराला नको. 'आता हात लुळा झाला का' हे बघायला बोट हलवलं की टांगती झोप गेलीच. आकड्यांबरोबर 'एक, स्वप्न पडतंय; दोन, स्वप्न पडतंय' हे संथपणे म्हणत जा. आकडा चुकायला लागला, मधेच असंबद्ध वाक्य घुसलं की मोजणी सोडून समोरची चित्रं बघा. ज्यांचं भान लवकर सुटतं त्यांना बोटांची युक्ती बरी: तर्जनी आणि मधलं बोट पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांवर असल्यासारखं आलटून पालटून, पण पट्टी दबणार नाही इतक्या कमी जोराने. अर्ध्या मिनिटाने नाकाची चाचणी. ही गजरानंतर अगदी पेंगुळलेल्या अवस्थेतच चालते, ४५ मिनिटं जागलेल्याला नाही.

स्वप्नात उतरताना अंगभर जाणवणारा कंप सुरू झाल्यावर छातीत धडधडून सगळं विस्कटणं, हा पुढचा अडथळा. धडधड आपल्या उत्तेजनेची असते. श्वास सोडणं घेण्यापेक्षा लांब ठेवा, डोळे उघडू नका, आणि खरं शरीर न हलवता नुसत्या कल्पनेत कुशीवर वळा. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटलं तर त्याचं कारण साधं आहे: श्वासपटल चालू असतं, बरगड्यांमधले स्नायू मात्र ढिले पडलेले, त्यामुळे मनाजोगता खोल श्वास घेता येत नाही. गुदमरत नाही. बाहेर यायचंच असेल तर पायाच्या अंगठ्यावर किंवा जिभेवर जोर लावा.

पाठीवर झोपल्याने एसपीची शक्यता वाढते हे खरं, पण घोरणाऱ्यांनी आणि स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास अडकण्याचा आजार) असलेल्यांनी ते टाळावं. गॅलँटामीनबद्दल परत परत विचारलं जातं. २०१८च्या १२१ जणांच्या अभ्यासात ८ मिलिग्रॅमवर ४२ टक्के आणि प्लासिबोवर (औषध नसलेल्या गोळीवर) १४ टक्के जणांना लूसिड स्वप्न, म्हणजे स्वप्नात असल्याचं भान असलेलं स्वप्न, पडलं. पण हे अल्झायमरचं औषध आहे, मळमळ होते, हृदयाचे ठोके मंदावू शकतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका. नार्कोलेप्सी (दिवसा अनावर झोप येण्याचा आजार) किंवा मानसिक आजारावर उपचार चालू असतील तर हा सगळा खेळच आधी डॉक्टरांच्या कानावर घाला.

पुढच्या फेरीसाठी: आठवड्यातून दोनच रात्री, दुसऱ्या दिवशी सकाळी लांबचं ड्रायव्हिंग नसेल अशा. दुपारी दोननंतर चहा-कॉफी बंद, आदल्या संध्याकाळी दारू नाही. गजर साडेचारला, जागरण २० मिनिटं, नंतर फक्त मोजणी. बाकी काहीही बदलायचं नाही आणि 'एसपी आला का' हा रकाना वहीतून खोडून टाकायचा. त्याजागी तीन रकाने: झोप लागायला अंदाजे किती वेळ लागला, शेवटचा आठवणारा आकडा कोणता, उठताना नाक तपासलं की नाही.